२२ जीबी जागा हवी आहे

दिवाळीच्या सुट्टीत घरी पोहोचलो त्याच संध्याकाळी संगणक सुरू केला. उन्हाळ्याची सुट्टी संपल्यापासून त्याला कोणी हात लावला नव्हता. हाउसमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत आहे की घरी गेल्यावर पहिले दोन दिवस खेळण्यात जात नाहीत, अपडेट होण्यात जातात. आधी विंडोजचे, मग ग्राफिक्स कार्डाचे, मग स्टीमचे आणि शेवटी खेळाचे. आपण पाच महिने शाळेत असतो, पण खेळ बनवणारे पाच महिने थांबत नाहीत.

माझा खेळ म्हणजे मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर, २०२० सालचा. तो बाजारात आला तेव्हाच त्यासाठी डिस्कवर १५० जीबी जागा लागेल असे सांगितले गेले होते. आमचे सध्याचे घर महूच्या छावणीत आहे. बाबा फील्ड पोस्टिंगवर आहेत. घरी आई, साताऱ्याहून आलेली आजी आणि धाकटी बहीण चिऊ. संगणक माझ्या चुलतभावाने, दादाने, जोडून दिलेला. तो आता पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. त्याने सी ड्राइव्हसाठी नवीन एसएसडी बसवली आणि डी ड्राइव्हसाठी जुन्या संगणकातली ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क काढून लावली. खेळ मोठा असल्यामुळे तो डी ड्राइव्हवर.

माझ्या बडीचे घर कोचीला आहे. शाळा सुटताना आम्ही ठरवले होते की रविवारी संध्याकाळी सहा वाजता दोघांनी आपापल्या घरून, पण एकत्र, लेहच्या धावपट्टीवरून उड्डाण करायचे. लेहचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ३,२५० मीटर उंचीवर आहे. हवा विरळ, चारी बाजूंना डोंगर. त्यासाठी आम्ही प्रेपच्या वेळेत वहीच्या मागच्या पानावर आकृत्यासुद्धा काढल्या होत्या. (त्या सरांनी पाहिल्या. तो विषय वेगळा.)

शनिवारी रात्री खेळाने पडद्यावर सांगितले की २२ जीबी उतरवायचे आहे. डी ड्राइव्हवर मोकळी जागा होती ६ जीबी.

इथून पुढे मी जे केले ते क्रमाने सांगतो, कारण त्यातल्या प्रत्येक चुकीतून मला काहीतरी कळले.

पहिली चूक अगदी साधी होती. मी सी ड्राइव्ह साफ केला. सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि त्यात स्टोरेज असे पान आहे. तिथे कोणत्या गोष्टीने किती जागा अडवली आहे ते दिसते. तात्पुरत्या फाइल्स, विंडोजच्या अपडेटचा उरलेला माल, आणि मोठे अपडेट झाल्यावर मागे राहिलेला 'विंडोज डॉट ओल्ड' नावाचा फोल्डर. नवीन विंडोज आवडले नाही तर जुने परत आणता यावे म्हणून तो दहा दिवस ठेवलेला असतो, मग विंडोज स्वतःच तो काढते. हे सगळे काढून सी ड्राइव्हवर १९ जीबी मोकळी झाली. मी खूश होऊन खेळ पुन्हा उघडला. डी ड्राइव्हवर अजूनही ६ जीबीच. आपल्या डॉर्ममधल्या खाटा रिकाम्या झाल्या म्हणून शेजारच्या हाउसमध्ये जागा होत नाही, इतकी सोपी गोष्ट लक्षात यायला मला पाऊण तास लागला.

मग मी डी ड्राइव्हकडे वळलो. आधी एक कोडे पडले. डिस्कवर छापले आहे ५०० जीबी, विंडोज दाखवते ४६५. मला वाटले उरलेली ३५ जीबी कुठेतरी दडली आहे आणि ती सापडली की काम झाले. ती कुठेच दडलेली नाही. डिस्क बनवणारे एक जीबी म्हणजे बरोबर १०० कोटी बाइट्स धरतात. विंडोज मात्र १०२४ चा १०२४ ने आणि पुन्हा १०२४ ने गुणाकार करते, म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट्सची एक जीबी. माप मोठे असले की मापे कमी भरतात. शेतातला गहू तितकाच, पायली बदलली. नवीन डिस्क घेताना पालकांनी हे ध्यानात ठेवले तर दुकानदाराशी भांडण होणार नाही.

दुसरी चूक. दादाचे जुने चित्रपट होते, ८ जीबीचे. त्याला फोन करून विचारले, तो म्हणाला काढ. मी डिलीट केले. मोकळी जागा ६ जीबीच राहिली. कारण डिलीट केलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जाते, आणि ते बिन काही डिस्कच्या बाहेर नसते. त्याच ड्राइव्हवरची जागा ते वापरते. बिन रिकामे केले तेव्हा १४ जीबी झाली. मग मला कळले की शिफ्टचे बटण दाबून डिलीट केले तर फाइल बिनमध्ये न जाता थेट जाते. ही युक्ती मला फार आवडली. ती आधी शिकायची गोष्ट नव्हती.

आता फक्त ८ जीबी हवी होती. थोडी जास्तच असलेली बरी, कारण अपडेटला स्वतःच्या आकारापेक्षा अधिक जागा लागते. हे पुष्कळांना विचित्र वाटते, म्हणून थोडे थांबतो. पहारा बदलताना जुना संतरी पोस्ट सोडून आधी निघून जात नाही. नवीन माणूस येतो, शेजारी उभा राहतो, ताबा घेतो, मग जुना जातो. म्हणजे काही मिनिटे एका पोस्टवर दोन माणसे असतात. अपडेटचेही तसेच आहे. उतरलेले पॅकेज दाबून बांधलेले असते. ते उलगडून नवीन फाइल तयार होईपर्यंत बांधलेले आणि उलगडलेले, दोन्ही डिस्कवर असते. स्टीमवरच्या खेळांत फाइलीचे साधारण एक-एक एमबीचे तुकडे पाडलेले असतात आणि बदललेले तुकडेच उतरवले जातात. पण खेळाची एकच फाइल ३० जीबीची असेल आणि त्यातले थोडेच तुकडे बदलले असतील, तरी जुन्या फाइलीवरून पूर्ण नवीन फाइल शेजारी रचावी लागते. वीज गेली तरी जुना खेळ शाबूत राहावा म्हणून ही काळजी घेतलेली असते. त्यामुळे उतरवायचे असते थोडेसे आणि पडदा मागतो ३० जीबी मोकळी जागा. तो खोटे बोलत नसतो.

रविवारी सकाळी आठ वाजता डी ड्राइव्हवर मला 'टेम्प २' नावाचा फोल्डर दिसला. ४१ जीबी. टेम्प म्हणजे टेम्पररी, तात्पुरते. आदल्या रात्री सी ड्राइव्हवरचे टेम्प मी विंडोजच्याच सांगण्यावरून उडवले होते. म्हणून तो उघडूनही पाहिला नाही. शिफ्ट, डिलीट, होय. अपडेट सुरू केले आणि फराळ करायला गेलो.

दहा वाजता आजीने चिऊचा चालायला लागल्याचा व्हिडिओ मागितला. बाबा सुट्टीवर आले की ते सगळे एकदा बसून पाहतात, आणि आजीने तो पाहिला नव्हता, म्हणजे पाहिला होता, पण तिला पुन्हा पाहायचा होता. आई म्हणाली, "अरे, संगणकावर आहेत ना सगळे. बाबांनी जाताना फोन रिकामा करून ठेवलेत. टेम्प असं काहीतरी नाव आहे बघ."

मी काही बोललो नाही. पडद्यावर २२ पैकी ९ जीबी उतरले होते.

दादाला फोन लावला. त्याने एकच प्रश्न विचारला, "नव्या डिस्कवर होतं की जुन्या?"

"जुन्या."

"मग आशा आहे. खेळ बंद कर, संगणक बंद कर. मी सांगेपर्यंत चालू करू नकोस."

हे असे का, ते त्याने नंतर सांगितले, आणि या लेखात सांगण्यासारखी मुख्य गोष्ट तीच आहे. फाइल डिलीट केली म्हणजे ती पुसली जात नाही. आपल्या हाउसमध्ये खाटांची पाटी असते. कॅडेट पास आउट झाला की पाटीवरचे त्याचे नाव खोडतात. खाट रिकामी धरली जाते, पण त्याची ट्रंक अजून खाली तशीच असते. नवीन कॅडेट आला की मगच ती ट्रंक हलते. डिस्कवर फाइलींची अशीच एक पाटी असते, तिला एनटीएफएस पद्धतीत मास्टर फाइल टेबल म्हणतात. डिलीट करताना विंडोज पाटीवर एवढेच लिहिते की ही जागा आता कोणालाही देता येईल. बाबांचे व्हिडिओ तिथेच होते. त्यांना खरोखर पुसत होते ते माझे अपडेट. प्रत्येक जीबी उतरताना कोणत्या ना कोणत्या ट्रंकेवर नवीन माणूस येऊन बसत होता, आणि ते मीच सुरू करून चिवडा खात बसलो होतो.

जुन्या डिस्कचा प्रश्न यासाठी की एसएसडीमध्ये इतकाही वेळ मिळत नाही. तिथे विंडोज डिलीट झाल्या झाल्या डिस्कला कळवते की अमुक जागा आता नको आहे. याला ट्रिम म्हणतात. मग एसएसडी आपल्या सवडीने ती जागा आतून साफ करून टाकते, म्हणजे पुढचे लिखाण वेगाने व्हावे. तो फोल्डर सी ड्राइव्हवर असता तर दादाच्या म्हणण्याप्रमाणे फोन करण्याचीही गरज नव्हती.

आईला सांगावे लागले. ती रागावली नाही. हातातले ताट खाली ठेवून खुर्चीवर बसली आणि विचारले, "शाळेत सोडायला गेलो होतो तेव्हाचे पण त्यातच होते का?" मला ते आठवतसुद्धा नव्हते. सहावीत मला सोडायला आले तेव्हा बाबांनी गेटपासून डॉर्मपर्यंत सगळे टिपले होते.

शेजारच्या क्वार्टरमधल्या काकांकडून बाहेरून जोडायची डिस्क आणली. दादाने फोनवरून एक-एक पायरी सांगितली. फोटोरेक नावाचे मोफत सॉफ्टवेअर आहे. ते सी ड्राइव्हवर उतरवले. डी ड्राइव्हवर नाही, कारण तिथे एक एमबी लिहिणेही आता महाग होते. सापडलेल्या फाइल्सही काकांच्या डिस्कवरच ठेवायच्या. फोटोरेक पाटी वाचत नाही. ते थेट जमिनीवरून चालत जाते आणि प्रत्येक ट्रंक उघडून पाहते की ही सुरुवात फोटोची आहे का, व्हिडिओची आहे का. प्रत्येक प्रकारच्या फाइलीच्या सुरुवातीला ठराविक खूण असते, तिच्यावरून ते ओळखते. सगळी डिस्क शोधायची की फक्त मोकळी धरलेली जागा, असे त्यात निवडता येते. आम्ही मोकळी जागा निवडली.

पाटी न वाचल्यामुळे नावे मिळत नाहीत. प्रत्येक फाइलीला एफ अक्षर आणि पुढे एक लांबलचक आकडा. फोटो जवळजवळ सगळे आले. व्हिडिओ मात्र मोठे असतात, डिस्कवर एका ठिकाणी सलग नसले तर तुकडे जुळत नाहीत, आणि काहींवर अपडेट येऊन बसले होते. काही मुळीच उघडले नाहीत. काही अर्ध्यावर थांबतात.

चिऊचा व्हिडिओ उघडला. त्यात ती पलंगाला धरून उभी राहते, हात सोडते, मग चार सेकंद पडद्यावर हिरवे-राखाडी चौकोन येतात, आणि चौकोन गेल्यावर ती एकदम आजीच्या गुडघ्याला बिलगलेली असते. मधली पावले नाहीत. आवाजही त्या चार सेकंदांत नाही. आजीने तो तीनदा पाहिला आणि म्हणाली, "पोचली ना शेवटी."

सहा वाजून गेले होते. बडीला मी निरोपही दिला नव्हता. तो लेहच्या धावपट्टीवर वीस मिनिटे इंजिन चालू ठेवून थांबला आणि मग एकटाच उडाला.

त्या रात्री दादाने मला डी ड्राइव्ह नीट पाहायला लावला, आणि तेव्हा जे दिसले त्याचा मला आजही त्रास होतो. या खेळात रोलिंग कॅश असते. आपण ज्या भागावरून उडतो त्याची जमीन, घरे, झाडे इंटरनेटवरून येतात. तोच भाग पुन्हा आणावा लागू नये म्हणून त्यांची प्रत डिस्कवर ठेवतात. ती मुळात ८ जीबीची असते. दादाने कधीतरी ती वाढवून ३२ जीबी केली होती आणि डी ड्राइव्हवर ठेवली होती. खेळाच्या सेटिंग्जमध्ये ती काढून टाकायचे बटण आहे. काढल्याने काहीही बिघडत नाही, उडताना पुन्हा थोडे उतरते इतकेच. मला ८ जीबी हवी होती आणि ३२ जीबी खेळाच्या खिशातच होती. शिवाय खेळातल्या कंटेंट मॅनेजरमध्ये जपान, ब्रिटन, नॉर्डिक देश अशी वेगवेगळी वर्ल्ड अपडेट्स स्वतंत्र काढता येतात. ती काढली तरी त्या देशांवरून उडता येते, फक्त हाताने घडवलेल्या खास इमारती आणि विमानतळ साधे दिसतात. मी जपानवर एकदाही गेलेलो नाही.

म्हणून आता मी जागा करताना आकार आधी पाहत नाही. किट मस्टरला आपण सामान मांडतो तेव्हा त्यात दोन प्रकार असतात. जर्सी, मोजे, मग हे हरवले तर ओरडा बसतो, पण स्टोअरमधून पुन्हा मिळते. लॉकरच्या आतल्या खणातली घरची पत्रे कोणतेच स्टोअर देत नाही. डिस्कवरही तेच. खेळ, त्याची कॅश, विंडोजच्या तात्पुरत्या फाइल्स, ग्राफिक्स कार्डाचे जुने इन्स्टॉलर पुन्हा उतरवता येतात. ते आधी काढावेत, आणि शक्यतो फाइल एक्सप्लोररमधून हाताने नाही तर सेटिंग्जमधून किंवा त्या त्या खेळाच्या आतून. जे खेळ आपण खेळतच नाही ते अनइन्स्टॉल करावेत, फोल्डर डिलीट करू नये. स्टीममध्ये तर स्टोरेजच्या पानावरून अख्खा खेळ दुसऱ्या ड्राइव्हवर हलवताही येतो. सी ड्राइव्हवर आणखी जागा हवी असेल तर हायबरनेशनची फाइल असते, साधारण रॅमच्या ४० टक्के आकाराची. हायबरनेशन बंद केले की ती जाते. लॅपटॉप असेल तर मी ते करणार नाही. विंडोजच्या फोल्डरमधले मोठे दिसणारे फोल्डर, विशेषतः विनएसएक्सएस, हाताने काढू नयेत. त्यातल्या पुष्कळ फाइल्स दोन ठिकाणी दिसतात पण जागा एकदाच घेतात, आणि ते तोडले तर विंडोजचे पुढचे अपडेटच अडते.

आणि नावावर विश्वास ठेवू नये. बाबांचा फोन बुधवारी आला. मी सगळे सांगितले. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "टेम्प हे नाव मीच दिलं होतं. फोनमध्ये जागा नव्हती, गाडी सकाळी होती. वाटलं, नंतर नीट लावू." तेव्हा मला कळले की ते व्हिडिओ तिथे आलेच होते जागा मोकळी करण्याच्या घाईत. त्यांनी नवीन डिस्क घ्यायला सांगितली आणि प्रत्येक गोष्ट दोन ठिकाणी ठेवायला. चौकोनांबद्दल त्यांनी काही विचारले नाही. तो व्हिडिओ पाठव म्हणाले, आहे तसाच.

उरलेली सुट्टी नावे देण्यात गेली. फोटोच्या आत तो काढल्याची तारीख आणि वेळ लिहिलेली असते, त्यामुळे वर्षे लावणे सोपे गेले. कोण, कुठे, ते आईला विचारावे लागले. रोज रात्री जेवणानंतर ती माझ्या शेजारी बसायची. एका फोटोपाशी ती फार वेळ थांबली. ज्या दिवशी मला इथे सोडले त्या दिवशीचा, गेटच्या बाहेरून काढलेला, त्यात मी नाहीच, नुसते बंद गेट आहे. मी नाव काय देऊ विचारले. ती म्हणाली, "दे काहीतरी, गेट."

फोल्डरचे नाव मात्र तिने स्वतः टाइप केले: 'घरचे. विचारल्याशिवाय हात लावू नये.' अपडेट शेवटच्या दिवशी पूर्ण झाले, मी ट्रंक भरत असताना. बडीला पत्र लिहायची गरज नाही, तो माझ्या समोरच्याच खाटेवर झोपतो. लेहचे उड्डाण आता उन्हाळ्याच्या सुट्टीत, आणि तोपर्यंत नवीन अपडेट आलेले असणार.